धंदा आपल्याला जमेल का? राजीनामा देण्याआधी घ्यायची परीक्षा

धाडस, चिकाटी, कल्पकता, नेतृत्व, मेहनत. उद्योजकाच्या गुणांची कुठलीही यादी काढा, हेच पाच-सहा शब्द सापडतात. यादी वाचताना बहुतेकांना वाटतं की हे सगळं आपल्यात आहे, आणि त्यात कोणी खोटं बोलत नसतं. ऑफिसात रात्री नऊपर्यंत बसून काम संपवणारा माणूस थकलेली उधारी मागायला तिसऱ्यांदा त्याच दुकानाची पायरी चढेल का, हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. तशी वेळच कधी आलेली नसते. म्हणून इंटरनेटवरच्या प्रश्नावल्या भरून हाती काही लागत नाही. आपण कसे असावं असं आपल्याला वाटतं, तेवढंच उत्तर तिथे मिळतं.

खरं उत्तर छोट्या प्रयोगातून मिळतं. नोकरी चालू ठेवून, साधारण चार महिन्यांत आणि १५,००० रुपयांच्या आत हा प्रयोग करता येतो. आमच्या मते त्यात सगळ्यात बारकाईने एकच गुण तपासायचा असतो: मागता येणं. ऑर्डर मागता येणं, पूर्ण भाव मागता येणं, थकलेले पैसे मागता येणं. हिशेब, तांत्रिक ज्ञान, इंग्रजी पत्रव्यवहार यांसाठी पगारावर माणूस ठेवता येतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मागायला मात्र मालकालाच जावं लागतं.

आधी धंदा ठरवा, मग गुण तपासा

‘मी उद्योजक होऊ शकतो का’ हा प्रश्न फार मोघम आहे. किराणा दुकानाला रोज तेरा-चौदा तास एका जागी बसण्याची तयारी लागते आणि शंभर लोकांशी गोड बोलावं लागतं. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपला मोजके ग्राहक असतात, पण एकेकाकडे लाखभर अडकून पडतात. केटरिंगवाल्याला पहाटे चारला आचारी आला नाही तर स्वतः कढईसमोर उभं राहावं लागतं. एकच माणूस यातल्या एकात चमकेल आणि दुसऱ्यात बुडेल. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा: काय विकणार, कोणाला, आणि पैसे रोख मिळणार की उधारीने. तिसरी ओळ सोडून देण्याचा मोह होईल. नेमकी तीच सोडू नका.

जुने पुरावे

पहिला आठवडा मागे वळून पाहण्यात घालवा. गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक महिन्याच्या २५ तारखेला खात्यात किती शिल्लक होती ते एका खाली एक लिहा. वर्षातून सात-आठ महिने हा आकडा शून्याच्या आसपास येत असेल, किंवा क्रेडिट कार्डावर फक्त किमान रक्कम भरली जात असेल, तर धंद्याचा विचार सहा महिने पुढे ढकला. ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार येतो तेव्हा जो पैसा सांभाळता येत नाही, तो अनियमित यायला लागल्यावर सांभाळता येत नाही.

मग दोन याद्या करा. पहिलीत, कोणी सांगितलेलं नसताना तुम्ही होऊन सुरू केलेली आणि तडीस नेलेली कामं: सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं काम, ऑफिसातली एखादी नवी पद्धत, गणेशोत्सवाची वर्गणी. वर्गणीचा अनुभव असेल तर तो मुद्दाम लिहा. दारोदार जाऊन पैसे मागणं आणि शेवटी हिशेब फलकावर लावणं ही या विषयातली चांगली तालीम आहे. दुसऱ्या यादीत, तुम्ही कोणाला उसने दिलेले आणि परत न आलेले पैसे. रकमेपुढे लिहा: किती वेळा मागितले? बहुतेकांच्या यादीत ‘एकदाही नाही’ हे उत्तर दोन-तीनदा तरी येतं. तेवढ्याने नापास होत नाही, पण पुढे कुठे लक्ष ठेवायचं ते कळतं.

घरखर्चाची तंगी, मुद्दाम ओढवून घेतलेली

धंदा सुरू झाल्यावर पहिले सहा ते नऊ महिने घरात पैसे येणार नाहीत असं धरून चाला. पिंपरी-चिंचवडमधल्या चौघांच्या एका घराचा नमुना हिशेब बघा. घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता १८,०००, किराणा-भाजी-दूध १२,०००, शाळा ६,०००, आईवडिलांची औषधं ४,०००, पेट्रोल-वीज-मोबाइल ५,०००. इथपर्यंत सगळेच लिहितात. विमा, दिवाळीचे कपडे, लग्नाकार्यातले आहेर, गावाकडच्या फेऱ्या मिळून वर्षाला ६०,००० म्हणजे महिना ५,००० हे मात्र राहून जातं. बेरीज ५०,०००. नऊ महिन्यांचे साडेचार लाख झाले, आणि ते धंद्याच्या भांडवलापासून वेगळे, वेगळ्या खात्यात हवेत. दोन्ही पैसे एकाच खात्यात ठेवले की दुकानाचं डिपॉझिट आधी जातं आणि शाळेची फी मागे राहते.

आता परीक्षा. पुढचे तीन महिने पगार झाल्या दिवशीच १०,००० रुपये आवर्ती ठेवीत टाका आणि उरलेल्यात घर चालवा. हप्ता तर कमी होत नाही, म्हणजे बाकीच्या ३२,००० चे २२,००० होतात. पहिला महिना उत्साहात निघतो. दुसऱ्या महिन्याच्या विसाव्या दिवशी घरातलं वातावरण कसं आहे, ते वहीत लिहा. कोण चिडलं, कोणती गोष्ट गुपचूप क्रेडिट कार्डावर गेली? ठेव मोडावी लागली तर तेही तारखेसह लिहा. अनिश्चितता सोसण्याची ताकद एकट्याची नसते, सबंध घराची असते. ती नवऱ्यात आहे आणि बायकोत नाही (किंवा उलट), हे भांडवल गुंतवण्याआधी कळलेलं बरं.

नोकरीत असतानाच दोन कामं उरकून घ्या. एक, घरासाठी स्वतंत्र आरोग्य विमा, कारण कंपनीचा समूह विमा राजीनाम्याबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. दोन, गृहकर्ज घ्यायचंच असेल तर ते आत्ता. धंदा करणाऱ्याकडे बँक दोन-तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रं मागते.

सहा आठवड्यांची विक्री

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. जो धंदा करायचा त्याचा सगळ्यात छोटा, खराखुरा तुकडा घ्या आणि शनिवार-रविवार विका. वर्कशॉप काढायचं असेल तर दोन खिडक्यांच्या जाळ्या दुसऱ्याकडून करून घेऊन विका. शिकवणी काढायची असेल तर फी घेऊन पाच मुलांची एक बॅच चालवा. आधी नोकरीचा करार वाचून घ्या. काही कंपन्या बाहेरच्या कामाला लेखी परवानगी मागतात. खर्चाची मर्यादा १५,००० ठरवली असेल तर ती वहीवर तारखेसह लिहून घरच्या माणसाची सही घ्या.

नमुन्यादाखल शेंगदाण्याच्या चटणीची २०० ग्रॅमची पाकिटं घेऊ. भाव तुमच्या गावचे घाला, रीत तीच राहते. शेंगदाणे ५ किलो १४० च्या भावाने ७०० रुपये, अर्धा किलो लसूण १००, तिखट ३०० ग्रॅम १२०, जिरं-मीठ वगैरे ६०, गॅस ६०. हे १,०४० झाले. भाजून, सालं पाखडून पाच किलोचे साडेचारच्या आसपास दाणे उरतात. लसूण, तिखट, मीठ पडून आणि भांड्याला लागलेलं सोडून सुमारे ५ किलो २०० ग्रॅम चटणी, म्हणजे २६ पाकिटं. पाकीट आणि लेबल ६ रुपयांप्रमाणे १५६. एकूण १,१९६, म्हणजे पाकिटाला ४६ रुपये.

इथे बहुतेक जण थांबतात आणि ८० रुपये किंमत लावून खूश होतात. पुढे मोजा. भाजणं, कुटणं, भरणं याला पाच तास लागले. तासाला ८० रुपये धरले तर ४००. दुकानांपर्यंत पोचवायला पेट्रोल १५०. आता बेरीज १,७४६ आणि पाकिटाला ६७. दुकानदार छापील किमतीवर २५ टक्के मागतो, तेव्हा ८० मधले ६० तुमच्या हाती येतात आणि दर पाकिटामागे ७ रुपये घरातून जातात. किंमत १०० लावली तर ७५ येतात, ८ सुटतात. स्वतःच्या आणि घरातल्या बायकांच्या श्रमाला शून्य किंमत लावायची ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ‘घरचंच तर आहे’ म्हणत वर्षभर तोट्यात माल विकणारे कमी नाहीत. स्वतःच्या तासांचे पैसे लिहायला हात अडखळतो का, हे या पायरीत बघायचं. (खाण्याचा पॅकबंद माल विकायचा तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आणि लेबलवर वजन, तारीख, बॅच, किंमत लागते. ओळखीत विकतानाही.)

विक्रीचे नियम कडक ठेवा. नातेवाईक आणि ऑफिसातले मित्र मोजायचे नाहीत, ते चटणी घेत नसतात, तुमचं मन राखत असतात. किमान ३० अनोळखी माणसांना किंवा दुकानांना स्वतः तोंडाने विचारायचं. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून वाट बघणं यात धरायचं नाही. भाव पूर्ण सांगायचा. प्रत्येक विचारण्यानंतर लगेच, रात्रीपर्यंत न थांबता, चार गोष्टी लिहायच्या: काय उत्तर आलं, भाव कोणी आधी कमी केला, नकार आल्यावर तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात का, आणि पुढच्या दुकानात जायला किती वेळ लागला.

किती पाकिटं खपली यावरून फारसं ठरत नाही, चटणीच बेतास बात असू शकते. वहीतली दुसरी आणि चौथी गोष्ट मात्र खोटं बोलत नाही. ‘शंभर रुपये’ म्हणून समोरच्याने काही बोलायच्या आत ‘पण तुम्हाला नव्वदला देतो’ असं तोंडातून गेलं असेल, आणि तीसपैकी पंधरा-वीस वेळा गेलं असेल, तर भाव मागण्याची भीती आहे. सरावाने ती कमी होते. मात्र एका नकारानंतर ‘आज पुरे’ म्हणून घरी परतणं पाच-सहा शनिवार चालूच राहिलं, तर ग्राहकांमागे फिरावं लागणारा धंदा निवडू नका. तिसऱ्या आठवड्यापासून किती जण पुन्हा मागतात तेही लिहा. तो मालाचा निकाल, तुमचा नाही. दोन्ही निकाल वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

चिकाटी आणि हट्ट यांत गोंधळ इथेच होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढतं या समजापायी शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. ही गोष्ट चिकाटीसाठी सगळे सांगतात. नांगर हा त्यांचा एकमेव माल नव्हता, कडबा कापायची यंत्रंही ते बनवत होते, हे मात्र गाळलं जातं. एका मालावर अडून राहायचं तर घर दुसऱ्या कशावर तरी चालायला हवं.

उधारी देऊन वसूल करणे

तिसऱ्या आठवड्यात दोन दुकानांना मुद्दाम प्रत्येकी दीड हजाराचा माल पंधरा दिवसांच्या बोलीवर द्या. बिल लिहा, तारीख घाला, पोचीची सही घ्या. सोळाव्या दिवशी सकाळी, गिऱ्हाइकी सुरू व्हायच्या आधी जा. उत्तरं ठरलेली आहेत. ‘शेठ बाहेर गेलेत.’ ‘सोमवारी या.’ ‘माल अजून पडूनच आहे हो.’ प्रत्येकावर तुम्ही काय करता?

शेठ नसतील तर किती वाजता येतील ते विचारून त्याच दिवशी पुन्हा जाणं, सोमवार सांगितला तर ‘सोमवारी अकराला येतो, रक्कम काढून ठेवा’ म्हणून खरोखर अकराला उभं राहणं, माल पडून असेल तर मोजून विकलेल्याचे पैसे घेणं आणि उरलेला परत उचलणं, अशी वसुली होते. चुकीच्या वाटा तीन दिसतात. पैसे न मागताच ‘सहज आलो होतो’ म्हणून परतणं. नाराज होऊ नये म्हणून जुने पैसे थकलेले असताना नवा माल देणं. बुडीत खाती इथूनच सुरू होतात. आणि तिसरी, भांडून दुकान कायमचं तोडणं. ‘पैशाची गोष्ट काढायला लाज वाटते’ हे चांगल्या घरचं लक्षण म्हणून सांगितलं जातं. धंद्यात या लाजेचं व्याज भरावं लागतं.

२००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी हवी (ती मोफत असते, पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी आहेत) आणि नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. मोठ्या कंपनीला माल देताना कायदा कामाला येतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून दीड हजार काढायला पायच झिजवावे लागतात.

सेवा देणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करून बघावा. जीएसटीत नोंदणी असेल आणि दरमहा विवरणपत्र भरत असाल, तर मार्चमध्ये एक लाखाचं बिल केल्यावर १८ टक्क्यांचे १८,००० रुपये २० एप्रिलपर्यंत भरायचे. ग्राहकाने जूनमध्ये पैसे दिले तरी सरकार थांबत नाही. न आलेल्या पैशावरचा कर खिशातून भरताना झोप लागेल का, याचा विचार आत्ताच करा.

जोखीम: कडी कुठून फेकता?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या प्रयोगात लोकांना खुंटीत कड्या फेकायच्या होत्या आणि किती लांबून फेकायचं ते स्वतःच ठरवायचं होतं. काही अगदी जवळून फेकत, काही इतक्या लांबून की कडी पडली तर नशीब. ज्यांच्यात काही साध्य करून दाखवण्याची प्रेरणा जास्त, ते मधलं अंतर निवडत: अवघड, पण कौशल्याने जमेल असं. १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना आणि छोट्या उद्योजकांना त्यांनी ही प्रेरणा वाढवण्याचं प्रशिक्षण दिलं, आणि प्रशिक्षितांच्या धंद्यात हालचाल वाढलेली दिसली. म्हणजे हे गुण जन्मजातच असतात असं नाही. आपल्याकडच्या उद्योजकता प्रशिक्षणाच्या परंपरेत हाच धागा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र जिल्ह्याजिल्ह्यांत असे वर्ग घेतं.

स्वतःचं अंतर तपासायला सहा आठवड्यांतले खर्चाचे निर्णय वाचा. दोनशे पाकिटांच्या मागणीआधी दोन हजार पाऊच छापून घेतलेत? की सहा आठवडे लोगोच ठरवत बसलात आणि एकही पाकीट विकलं नाहीत? पहिला लांबून फेकणारा, दुसरा जवळून. १५,००० ची मर्यादा ओलांडून ‘आणखी पाचच हजार’ घातले असतील तर ते गंभीर धरा. ‘मी शेअर बाजारात फ्यूचर्स-ऑप्शन्स खेळतो, जोखमीची सवय आहे’ असं म्हणणाऱ्यांनी बाजाराची नियामक संस्था सेबीचा २०२४ चा अभ्यास बघावा: तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला. तिथल्या धाडसाचा आणि धंद्यातल्या जोखमीचा संबंध लावू नये.

कंटाळवाणं काम

सहा आठवडे रोज रात्री पंधरा मिनिटं: आज काय आलं, काय गेलं, कोणाकडे किती. ४२ दिवसांत पाच-सहा दिवस सुटले तर चालेल. आठवडाच्या आठवडा कोरा असेल तर पहिल्या दिवसापासून हिशेबाला अर्धवेळ माणूस लावा आणि त्याचा पगार किमतीत धरा. एवढंच.

निकाल कसा वाचायचा

पाच पानं समोर ठेवा: शिल्लक, घरची तंगी, मागणं, वसुली, मर्यादा. हिशेबात, तंत्रात किंवा मालात कमी पडलात तर ती उणीव भागीदाराने वा नोकराने भरून निघते. भागीदार घ्यायचा तर आपल्यासारखा घेऊ नका. दोन इंजिनिअर मित्र मिळून सुंदर यंत्र करतात आणि दोघंही ‘तू जा’ म्हणत वसुली एकमेकांवर ढकलतात. मागणं आणि वसुली दोन्ही पानं खराब असतील तर आणखी सहा आठवडे फक्त तेवढाच सराव करा. तरीही तसंच राहिलं तर रोखीचा, ग्राहक दारात येणारा धंदा बघा, किंवा चालत्या धंद्यात विक्री सांभाळणाऱ्या माणसाबरोबर हिस्सा घ्या. मर्यादा मोडलेली असेल तर पैशाचे अधिकार घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घरची बैठक यानंतर, लेखी. किती पैसे घालणार, कोणत्या तारखेला थांबणार, आणि कशाला हात लावायचा नाही: आईवडिलांची ठेव, बायकोचे दागिने, राहतं घर. भावाला किंवा मेव्हण्याला बँकेत जामीन उभं करणार असाल तर त्यालाही त्या बैठकीला बसवा.

अनुदान बघून धंदा निवडणं हे मात्र उलटं लक्षण आहे. पीएमईजीपीसारख्या (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) योजनेत अनुदान हातात मिळत नाही, ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं आणि कर्जाचे हप्ते आपल्यालाच भरावे लागतात. मुद्राचं शिशु कर्ज ५०,००० पर्यंतचं आहे. पहिल्या यंत्रासाठी ते पुष्कळदा पुरतं, आणि पुरत नसेल तर सहा आठवड्यांच्या वहीतले आकडे घेऊन बँकेत गेलेलं बरं. नुसत्या कल्पनेपेक्षा ती वही मॅनेजर जास्त वेळ बघतो.

राजीनाम्याची तारीख ठरवताना नेमणूक पत्र काढून ग्रॅच्युइटी मोजा. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षं सलग सेवेवर मिळते, तेव्हा साडेचार वर्षं झालेल्याने सहा महिने थांबावं. भविष्य निर्वाह निधीही पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र होतो. तो काढूच नका, वर लिहिलेल्या हात न लावायच्या यादीत घाला.